ब्रिज: भिडूच्या राजावर आपला एक्का मारायचा?

पाचपाखाडीकर

नमस्कार मंडळी. मी ब्रिजमध्ये अगदी नवीन आहे, जेमतेम आठ महिने झाले. आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये दर रविवारी सकाळी दोन टेबलं लागतात, तिथे मी आमच्याच विंगमधल्या एका काकांची भिडू असते. काल जे झालं ते डोक्यातून जात नाहीये म्हणून विचारते.

समोरच्यांचं कॉन्ट्रॅक्ट थ्री नो-ट्रम्प, म्हणजे हुकूम नाही आणि त्यांनी तेरापैकी नऊ हात करायचे. काकांनी इस्पिक राजाची उतारी केली. डमी (समोरच्यांपैकी एकाची, टेबलावर उघडी मांडलेली पानं) उघडली, त्यात इस्पिकची अठ्ठी, छक्की, तिर्री. माझ्याकडे इस्पिकची दोनच पानं, एक्का आणि चौकी. मी निवांत चौकी टाकली, कारण राजाचा हात आपलाच होतोय की, मग एक्का कशाला खर्च करू? काकांनी पुढे राणी खेळली. आता माझ्याकडे एक्क्याशिवाय इस्पिक नाही, तो पडला, हात माझा झाला आणि माझं इस्पिक संपलं. काकांच्या हातात गुलाम, सत्ती, पंजी तशीच बसून राहिली. बाकीच्या रंगांत त्यांच्याकडे काही नव्हतं, त्यामुळे त्यांना परत हात मिळालाच नाही आणि समोरच्यांनी नऊ हात पुरे केले.

काका रागावले नाहीत, पानं गोळा करता करता एवढंच म्हणाले, "एक्का मारायला हवा होता गं."

मी आजोबांकडून मेंढीकोट शिकले. त्यांचा पहिला धडा हाच होता की भिडूचा हात होत असेल तर त्यावर मोठं पान घालवायचं नाही, मेंढी (म्हणजे दश्शी) असेल तर ती टाकायची. ब्रिजमध्ये हे उलटं का? आणि नेहमीच उलटं की कधीकधी? कसं ओळखायचं?

मेंढीकोट_चॅम्पियन

भिडूच्या राजावर एक्का टाकला असता तर आमच्या वाड्यात रात्रीचं जेवण मिळालं नसतं 😄 तुझ्या आजोबांच्या बाजूने माझं मत.

कोपरीचा_काका

मेंढीकोटात आजोबा बरोबर होते आणि इथे तुझे भिडू बरोबर आहेत. फरक समजून घे म्हणजे पाठ करावं लागणार नाही.

नो-ट्रम्पमध्ये हुकूम नसतो. त्यामुळे एखाद्या रंगातली समोरच्यांची पानं संपली की आपली सत्ती-पंजीसुद्धा एक्क्याइतकी मोठी होते, ती कापायला कोणाकडे काही नसतं. म्हणूनच आपण लांब रंगाची उतारी करतो. थ्री नो-ट्रम्प मोडायला आपल्याला पाच हात लागतात आणि ते बहुतेक वेळा लांब रंगातल्या बारक्या पानांतूनच येतात.

आता तुझा डाव मांड. काकांकडे राजा, राणी, गुलाम, सत्ती, पंजी. तुझ्याकडे एक्का, चौकी. डमीत अठ्ठी, छक्की, तिर्री. म्हणजे डिक्लेअररकडे (जो डमीची पानंही स्वतःच खेळतो) दश्शी, नव्वी, दुर्री. तू राजावर एक्का मारतेस आणि चौकी परत देतेस. काका राणीने घेतात, मग गुलाम खेळतात. तीन फेऱ्या झाल्या, समोरच्या दोघांचंही इस्पिक संपलं. सत्ती, पंजी खणखणीत. एक्का, राणी, गुलाम, सत्ती, पंजी असे पाच हात झाले आणि समोरच्याने तोवर एकही हात घेतलेला नाही. पहिल्या पाच पानांत कॉन्ट्रॅक्ट मोडलं!

चौकी टाकल्यावर त्याच रंगात तुम्हाला दोनच हात मिळाले. राजा वाया गेला असं तुला वाटतं, पण त्याच्यामागे राणी-गुलाम उभे आहेत ना. तुझा एक्का हा त्या रंगाच्या दारात आडवा बसलेला माणूस आहे, तो उठल्याशिवाय मागच्यांना बाहेर पडता येत नाही.

पाचपाखाडीकर

अगं बाई. पाच विरुद्ध दोन! मी घरी पानं मांडून बघितली आत्ता, नवरा विचारतोय एकटीच काय खेळतेयस. तरी एक शंका, राजा उतरला म्हणजे मागे राणी-गुलाम आहेतच हे मला कसं कळणार?

कोपरीचा_काका

नो-ट्रम्पविरुद्ध राजाची उतारी ही सहसा राजा-राणी-गुलाम किंवा राजा-राणी-दश्शी अशा सलग किंवा जवळपास सलग पानांतून होते. तुझ्याकडे एक्का आहे म्हणजे त्यांच्याकडे एक्का-राजा नाही हे तर नक्कीच. आणि दोनच पानं असताना त्यातलं एक चित्र (एक्का, राजा असं मोठं पान) असेल तर कान टवकारायचे. तीन-चार पानं असतील तर जरा सवड मिळते, दोन असताना पहिल्याच पानाला निर्णय घ्यावा लागतो.

दोन गोष्टी भिडूशी आधी बोलून ठेव. बऱ्याच जोड्यांत नो-ट्रम्पविरुद्ध एक्क्याची उतारी म्हणजे "तुझ्याकडे चित्र असेल तर टाक" अशी सरळ मागणी असते, काही जोड्या तोच अर्थ राजाच्या उतारीला देतात. आणि राणीची उतारी राजा-राणी-दश्शी-नव्वी यातून होऊ शकते, तेव्हा तुझ्याकडे गुलाम असेल तर तो टाकायचा असतो. तुमचं काय ठरलंय ते काकांना विचार, टेबलावर बसल्यावर अंदाज करत बसू नका.

तुर्भे_फास्ट

आम्ही ट्रान्सहार्बर लोकलमध्ये खेळतो, ठाण्याहून चढलं की मांडीवर ब्रीफकेस, वाशीपर्यंत दोन डाव होतात, गर्दी नसेल तर तिसरा सुरू होऊन अर्धवट राहतो. आमच्यात एकजण आहे तो कोपरखैरणेला उतरतो त्यामुळे त्याच्या जागी शेजारी उभा असलेला माणूस पानं हातात घेतो, आणि तो माणूसही आता दोन वर्षांत तयार झालाय. सांगायचं हे की आमच्या ग्रुपमध्ये "दार उघड" हा शब्दच पडलाय याला. म्हणजे खेळताना बोलत नाही हां, ते चालत नाही. डाव संपल्यावर "अरे दार का नाही उघडलंस" एवढंच, आणि ज्याला म्हणतात तो पुढच्या स्टेशनापर्यंत गप्प असतो.

घणसोलीवाला

मी समोरच्या बाजूने सांगतो कारण मी याचा मार खाल्लाय. ऑनलाइन खेळत होतो, मी डिक्लेअरर, थ्री नो-ट्रम्प. बदाममध्ये माझ्याकडे एक्का, नव्वी, छक्की आणि डमीत सत्ती, तिर्री, दुर्री. डावीकडून बदाम राणी आली. मी मनात ठरवलेलं की दोन वेळा सोडायचं, एक्का तिसऱ्या फेरीला घ्यायचा, तोवर उजवीकडच्याचे बदाम संपतील आणि दोघांमधला पूल तुटेल. सगळे डिक्लेअरर हेच करतात, एक्का दाबून बसायचं.

उजवीकडच्याने राणीवर ताबडतोब राजा टाकला. मी सोडला, छक्की टाकली. त्याने चौकी परत दिली, मी नव्वी घातली ती दश्शीने मारली, मग गुलाम आला आणि एक्का घ्यावाच लागला. डावीकडच्याच्या हातात आता अठ्ठी आणि पंजी, दोन्ही मोठ्या. मला नऊ हात करायला किलवर एक्का काढणं भाग होतं आणि तो नेमका डावीकडेच होता. राजा, दश्शी, किलवर एक्का, अठ्ठी, पंजी. पाच हात. एक डाऊन.

त्याने राजा टाकला नसता तर? राणी मी सोडली असती. गुलामावर त्याचा राजा पडला असता, तोही मी सोडला असता. आता राजावाल्याकडे बदाम नाही. मग मी किलवर खेळलो असतो, डावीकडच्याने एक्का घेऊन दश्शी खेळली असती, मी बदाम एक्का मारला असता आणि उरलेले त्याचे दोन बदाम तयार असूनही हातात कुजले असते कारण परत यायला त्याच्याकडे काहीच नाही. मला आरामात कॉन्ट्रॅक्ट मिळालं असतं. एका राजाने सगळं फिरवलं, मी मनापासून त्याला "वेल डन" लिहिलं.

सावरकरनगरची_सई

आमच्याकडे कमिटीने सांगितलंय क्लबहाउसमध्ये पत्ते नकोत, मुलं बघतात, जुगार वाटतो. तुमच्याकडे कसं काय चालतं?

घणसोलीवाला

त्यांना सांगा 2018 च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये भारताला ब्रिजमध्ये सुवर्ण मिळालंय. पुरुष जोडी, प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार, वय 60 आणि 56. ब्रिज तिथे पहिल्यांदाच होतं, आणि त्याशिवाय दोन ब्राँझ मिळाली.

पाचपाखाडीकर

@सई, आमच्याकडे पैसे लावायचे नाहीत एवढी एकच अट आहे. आणि आता मुलांनाच शिकवायला सुरुवात केलीये त्यामुळे विरोध करणारेच मुलांना आणून सोडतात. तुम्ही या एखाद्या रविवारी, पाचपाखाडी काय लांब नाही.

शंकासुर

सगळ्यांचं वाचलं. मला एका गोष्टीची भीती वाटते, की नवीन माणूस हे वाचून "भिडूच्या चित्रावर आपलं चित्र टाकायचं" असं पाठ करेल. तसं करू नका. घणसोलीवाल्याचाच डाव घ्या आणि फक्त तीन पानं हलवा. मुख्य म्हणजे दश्शी डमीत ठेवा.

डमीत बदाम दश्शी, सत्ती, तिर्री. डिक्लेअररकडे एक्का, छक्की, दुर्री. भिडूकडे राणी, गुलाम, नव्वी, अठ्ठी, पंजी. तुमच्याकडे राजा, चौकी. राणी आली, तुम्ही हिरिरीने राजा टाकलात, डिक्लेअररने एक्का मारला. आता वर काय उरलं? भिडूचा गुलाम आणि लगेच त्याखाली डमीतली दश्शी. गुलाम गेला की दश्शीचा हात त्यांचा. एका हाताच्या जागी दोन हात दिलेत तुम्ही, फुकट.

राजा ठेवला तर रंग अडकेल हे खरं, पण त्यांना एक्क्याचा एकच हात मिळेल, दश्शीचा कधीच नाही. त्यामुळे आधी डमी बघायची, मग आपलं पान. दश्शी कुठे आहे, नव्वी कुठे आहे. आणि भिडूकडे परत यायला काही आहे का, हे बिडिंगवरून, म्हणजे आधीच्या बोलीवरून. भिडूने काहीच बोललेलं नाही, समोरचे दोघे भरभरून बोललेत, तुमच्या स्वतःच्या हातात बारा पॉइंट आहेत, म्हणजे भिडूकडे बाहेर काही असणं अवघड. मग त्याचा रंग मोकळा करूनही तो खायला येणार कसा?

तुर्भे_फास्ट

शंकासुर, पण समजा दश्शी कुठेच दिसत नाही. डमीत नाही, माझ्याकडे नाही. राणीची उतारी राणी-गुलाम-नव्वीतूनही होते की, तेव्हा दश्शी डिक्लेअररकडे असली तर राजा टाकून तोच घोटाळा.

शंकासुर

हो, होतो. तिथे जुगार आहेच थोडा (सई, हा शब्द कमिटीला सांगू नका). पण राणीमागे गुलाम-दश्शी असण्याची आशा धरल्याशिवाय कॉन्ट्रॅक्ट मोडतच नाही अशी स्थिती बऱ्याचदा असते, तेव्हा मी राजा टाकतो. दश्शी डोळ्यांसमोर डमीत असेल तेव्हा मात्र आशा धरायला जागाच नाही.

तिर्री

मी नेरुळहून. शाळेतून रिटायर झाल्यावर 59 व्या वर्षी शिकले, आता दहा वर्षं होतील. सगळेजण एक्के-राजे टाकण्याबद्दल बोलतायत, मला माझ्या नावाला जागून लहान पानाची बाजू मांडायची आहे. अनब्लॉक करणं, म्हणजे भिडूच्या रंगाची वाट मोकळी करणं, हे फक्त चित्रांचं काम नाही, आणि जास्त वेळा चूक होते ती याच ठिकाणी, कारण कोणाच्या लक्षातच येत नाही की चूक झाली.

माझ्या हातात चौकटची दश्शी, नव्वी, अठ्ठी, तिर्री. भिडूकडे एक्का, राजा, सत्ती, पंजी, चौकी. डमीत छक्की, दुर्री आणि डिक्लेअररकडे राणी-गुलाम दोनच. भिडूने एक्का-राजा वाजवले, दोन फेऱ्यांत समोरच्यांचं चौकट संपलं. आता आमच्याकडे पाच हात आहेत ना? भिडूची तीन पानं बाकी, कापायला कोणी नाही.

मी पहिल्या दोन फेऱ्यांत सवयीने खालची पानं टाकली, तिर्री आणि अठ्ठी. माझ्याकडे राहिली दश्शी-नव्वी. तिसरी फेरी भिडूने सत्ती खेळली, माझ्या नव्वीने ती घेतली. चौथी मी दश्शी खेळले, तीही माझीच. मग माझं चौकट संपलं आणि भिडूच्या हातात एक पान राहिलं, तिथे जायला रस्ता नाही. चार हात झाले. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट बरोब्बर नऊवर सुटलं.

दश्शी आणि नव्वी आधी टाकून अठ्ठी-तिर्री ठेवली असती तर तिसऱ्या फेरीला सत्तीवर अठ्ठी, मग तिर्री भिडूच्या पंजीकडे परत, मग त्याची चौकी. पाच. मोठी पानं पुढे लवकर घालवायची आणि ती एक किरटी तिर्री पोटाशी धरून ठेवायची, कारण भिडूच्या घरी जायची किल्ली तीच असते. त्या दिवशी मी नेरुळ स्टेशनपर्यंत चालत आले, रिक्षासुद्धा केली नाही, इतकी बेचैन होते. दुसऱ्या दिवशी इथे खातं उघडलं तेव्हा नाव काय ठेवायचं याचा विचारच करावा लागला नाही.

मेंढीकोट_चॅम्पियन

तिर्रीताई, दंडवत. मी गंमत म्हणून धागा उघडला होता, आता पानं काढून बसलोय.

कोपरीचा_काका

तिर्रीताईंची पोस्ट छापून ठेवण्यासारखी आहे. चार पानांतून मोठं आधी टाकलं की भिडूला "माझ्याकडे जोड संख्या आहे" हेही कळतं, म्हणजे एका दगडात दोन कामं.

घणसोलीवाला

उतारी चित्राची नसेल, बारीक पानाची असेल तर अकराचा नियमही सांगून टाका कोणीतरी, त्यावरूनही कळतं की.

कोपरीचा_काका

सांगतो. भिडू लांब रंगातलं वरून चौथं पान उतरतो असं धरलं, तर अकरातून त्या पानाचा आकडा वजा करायचा. उरतील तितकी त्याहून मोठी पानं बाकीच्या तीन हातांत मिळून असतात. छक्की उतरली, अकरा वजा सहा, पाच. डमीत दोन दिसली, तुझ्याकडे तीन आहेत, म्हणजे डिक्लेअररकडे छक्कीच्या वर एकही नाही. मग आपल्याला कोणतं पान सोडणं परवडतं हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

सावरकरनगरची_सई

मला यातलं निम्मं कळलं पण येते रविवारी. कमिटीतल्या एका काकूंनाही घेऊन येते, त्यांना चारशे प्रश्न आहेत.

पाचपाखाडीकर

धागा वर काढतेय, दोन रविवार झाले, हिशोब द्यायचा होता.

काकांशी आधी बोलून घेतलं. एक्का उतरला तर चित्र टाकायचं, ठरलं. त्यांना इतका आनंद झाला की मला चहाबरोबर स्वतःच्या वाटचं बिस्किट दिलं. ते म्हणाले की इतकी वर्षं खेळतायत पण भिडूने आपणहून विचारलं असं क्वचितच झालं.

गेल्या रविवारी काही घडलं नाही. या रविवारी मात्र तेच टेबल, समोर तेच दोघे, थ्री नो-ट्रम्प, आणि काकांनी बदाम राणी उतरली. माझ्याकडे राजा आणि चौकी! माझा हात राजाकडे गेलासुद्धा होता, इथलं सगळं वाचून मी या क्षणाची वाटच बघत होते. पण डमी उघडली तेव्हा माझी नजर आधी दश्शीवर गेली. दश्शी, सत्ती, तिर्री. मी थांबले. शंकासुर, तुमचा डाव हुबेहूब. माझ्याकडे पॉइंटही भरपूर होते, म्हणजे काकांकडे बाहेर काही नसणार. मी चौकी टाकली.

त्यांनी एक्का लगेच घेतला. बदाममध्ये त्यांना तेवढा एकच हात मिळाला. बाकी रंगांत त्यांचे सात होते, आठवर अडकले. दश्शीचा हात मिळाला असता तर नऊ होत होते. डाव संपल्यावर काकांनी माझी पानं उलटी करून बघितली, राजा कुठे होता ते पाहिलं आणि विचारलं की हा का ठेवलास. मी म्हटलं डमीत दश्शी होती.

घरी येताना लक्षात आलं की मी इतकी वर्षं चारही दश्श्या कुठे आहेत ते बघतच मोठी झालेय, दुसरं काही बघायच्या आधी. ते आजोबांनीच लावलेलं वळण आहे.

मेंढीकोट_चॅम्पियन

मी म्हटलं नव्हतं, आजोबांच्या बाजूने माझं मत!

शंकासुर

वा. मनापासून वा.

तिर्री

फार छान वाटलं वाचून. पुढच्या रविवारी मी येऊ का गं? नेरुळहून सरळ ठाणे लोकल आहे. सई आणि त्या काकू असतील तर तिसरं टेबल लागायला तिसरी मी, मग एकच कमी.

पाचपाखाडीकर

याच ताई. दहाला सुरू करतो. पाचपाखाडीत आलात की मला मेसेज करा, गेटवर घ्यायला येते.